‘टिट्टिभ’ म्हणजे नेमका कोणता पक्षी?

समुद्राकाठच्या टिट्टिभ पक्ष्यांच्या जोडप्याची अंडी समुद्र नेतो, अशी एक कथा हितोपदेशात आहे. तिचे एडविन अर्नोल्ड यांनी १८६१ साली जे इंग्रजी भाषांतर केले, त्यात समुद्रकाठी राहणारे ते जोडपे ‘वॅगटेल’ झाले आहे. वॅगटेल म्हणजे आपला परीट किंवा धोबी, शेपटी सतत खालीवर हलवत पाण्याच्या कडेने लगबगीने चालणारा. तेव्हा मूळ शब्दाचा अर्थ परीट असा घ्यावा काय, असा प्रश्न आहे.

माझ्या मते घेऊ नये. टिट्टिभ हे नाव पक्ष्याच्या ओरडण्यावरून पडलेले असून मराठीतील ‘टिटवी’ आणि हिंदीतील ‘टिटहरी’ ही त्याच कुळातील रूपे आहेत. शिवाय कथेचा सारा डोलारा उघड्यावरच्या अंड्यांवर उभा आहे. टिटवी घरटे असे बांधतच नाही. माळावर किंवा नदीच्या पात्रात खडे सारून केलेल्या उथळ खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते, आणि ती खड्यांत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. परीट मात्र दगडांच्या फटीत किंवा भिंतीच्या भोकात आडोसा पाहून गवताचे घरटे करतो. त्यामुळे भरतीच्या पाण्याने अंडी नेण्याची भीती टिटवीलाच शोभते. अर्नोल्ड हे भाषांतरापूर्वी काही वर्षे पुण्याच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते. मुळा-मुठेच्या काठी टिटवीचा कलकलाट त्यांच्या कानी पडला नसेल, हे मानणे जड जाते. पंचतंत्राच्या १९२५ सालच्या भाषांतरात आर्थर रायडर यांनी ‘प्लवर’ हा शब्द योजला. प्लवर हा पक्षी टिटवीच्याच कुळातला आहे, तरी टिटवीचे इंग्रजी नाव ‘लॅपविंग’ अधिक नेमके ठरले असते.

मराठीपुरता आणखी एक पेच आहे. संस्कृतात टिट्टिभ नर आणि टिट्टिभी मादी असा भेद असल्याने नवराबायकोचा संवाद सहज रंगतो. ही जागा धोक्याची आहे, असे मादी सांगते आणि समुद्र माझे काय बिघडवणार, अशी फुशारकी नर मारतो. मराठीत नरालाही ‘टिटवी’च म्हणत असल्याने भाषांतरकाराला ‘टिटवा’ घडवावा लागतो किंवा ‘नर टिटवी’ असे अवघडलेले लिहावे लागते.

‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण येथे ताडून पाहण्यासारखी आहे. हितोपदेशात समुद्र आटत नाही. पक्षी गरुडाकडे गाऱ्हाणे नेतात, गरुड नारायणाला सांगतो आणि त्याच्या आज्ञेने समुद्र अंडी परत करतो. चोचीने समुद्र उपसण्याची भाषा पंचतंत्रातल्या टिट्टिभाची, आणि तीही नराची. म्हणीने मात्र ते श्रेय स्त्रीलिंगी टिटवीच्या पदरात टाकले आहे.