प्रतिसाद: जिंकणारा घोडा थांबवायचा कशाला?

"घोडा जिंकतोय तोवर पळवा की" हे वरचं मत वाचलं. मला नाही पटत. व्हॅलेग्रो या ब्रिटिश घोड्याचंच बघा. लंडन २०१२ ऑलिंपिकची दोन सुवर्णं, रिओ २०१६ चं एक, ड्रेसाजमधले (स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवायच्या, तो खेळ) विक्रम नावावर, आणि त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात त्याला निरोप दिला. वय अवघं चौदा. तबेल्यातलं लाडाचं नाव ब्लूबेरी! घोडे सहज पंचवीस वर्षं जगतात, म्हणजे त्याच्यापुढे मोकळ्या कुरणाची बरीच वर्षं शिल्लक होती.

आता दुसरी बाजू. कॅनडाचा स्वार एरिक लमाझ, त्याचा घोडा हिकस्टेड, बीजिंग २००८ ऑलिंपिकचा शो जंपिंगमधला (अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या खेळातला) सुवर्णविजेता. ६ नोव्हेंबर २०११ ला इटलीत व्हेरोनाला त्याने अडथळ्यांची फेरी पूर्ण केली, आणि मैदानातच कोसळला. महाधमनी फुटली होती. पंधरा वर्षांचा होता. बाकीच्या स्वारांनीच विनंती करून स्पर्धा तिथे थांबवायला लावली. तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला, परत हिंमत झाली नाही.

यात लमाझची काही चूक होती असं मुळीच म्हणत नाही, असं काही आधी कळतही नाही. पण निरोपाची संधीच मिळाली नाही, हे सलतं.

आमच्या क्लबातल्या म्हाताऱ्या घोडीचं खोगीर उतरवलं त्या दिवशी मोतद्दार काका काही बोलले नाहीत. नुसतं तिच्या पाठीवरचा घामाचा ओला चौकोन गवताच्या मुठीने पुसत राहिले, वाळल्यावरसुद्धा.