सूर्यनमस्कारातच पालथा पडलो, आता फिट व्हायचंय पण सुरुवात कुठून करू? (इंदूर, फर्स्ट इअर, टिफिनवर जगतोय)

बुऱ्हाणपूरचा_नवखा

नमस्कार मंडळी. आधी लाज सांगतो मग प्रश्न. १२ जानेवारीला कॉलेजात सामूहिक सूर्यनमस्कार होते, विवेकानंद जयंतीला आपल्या एमपीत असतात ते, आणि मी हौसेने पहिल्या रांगेत उभा राहिलो. तिसऱ्या आवर्तनाला हात असे थरथरायला लागले की भुजंगासन व्हायच्या ऐवजी सरळ सतरंजीवर पालथा, आणि मागच्या रांगेतल्या पोरींचं हसू अजून कानात आहे.

उंची ५ फूट ८, वजन ५२ किलो. लहानपणापासून "काडी" हेच नाव. भंवरकुआंजवळ पीजीत राहतो, तिसरा मजला, बॅग घेऊन चढलो की दम लागतो. टिफिन दोन वेळचा येतो, चार पोळ्या, बटाट्याची कसली तरी भाजी, थोडा भात आणि डाळ जिच्यातून डब्याचा तळ दिसतो. सकाळी कोपऱ्यावर पोहे-जिलेबी. रात्री आठवड्यातून दोनतीनदा मित्र सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, ओढून नेतात आणि आत्ता गराडूचा (तळलेल्या कंदाचा) सीझन, नाही कसं म्हणणार.

काल एका जिममध्ये चौकशी करायला गेलो तर ट्रेनरने वजन विचारलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला वर्षाचं पॅकेज घे आणि सोबत मास गेनरचा डबा घे, त्याच्याशिवाय तुझ्या अंगाला काही लागणार नाही. डब्याची किंमत म्हणजे माझा दोन महिन्यांचा टिफिन. घरी मागायची हिंमत नाही. घरमालकीण आजी रूममध्ये अंडं आणू देत नाहीत, गॅस नाही, फक्त एक इलेक्ट्रिक किटली आहे.

डबा घ्यावा का? जिम लावू की रूममध्येच काहीतरी करू? आणि पोहे बंद करावे लागतील का?

छावणीचा_भिया

पोहे बंद?? भिया तुला इंदुरातून तडीपार करतील 😄

सिरियसली सांगतो, बिचाऱ्या पोह्यांचा काही दोष नाही. आपल्याकडचे पोहे वाफेवर असतात, खाली पातेल्यात पाणी उकळतंय आणि वर पोह्यांचा डोंगर, तेल बेताचंच. घोळ होतो तो वर पडणाऱ्या मूठभर सेवेत आणि बाजूच्या पाकातल्या जिलेबीत. तुझं वजन कमीच आहे म्हणजे जिलेबीने आभाळ कोसळत नाही पण पोह्यात प्रोटीन जवळजवळ नसतं, दहा वाजता परत भूक लागते आणि मग तू कॅन्टीनमध्ये समोसा खातोस, बरोबर ना? उसळ पोहे मिळतात तिथून घे. खालून मटकी-चण्याची उसळ आली की तोच नाश्ता दुपारपर्यंत पुरतो. जिलेबी रविवारी.

फिजिओ_ताई

तुझा प्रश्न रात्री १ वाजून ४० मिनिटांनी पडलाय हे आधी नोंदवते. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते आणि अंग भरतं ते झोपेत, जिममध्ये नाही, त्यामुळे सराफा आठवड्यातून एकदाच, तोही शनिवारी.

आता मुद्द्याचं. ५ फूट ८ ला ५२ म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण साडेसतरा येतो, १८.५ च्या खाली कमी वजन धरतात. घाबरायचं काही नाही पण तीन मजल्यांत दम लागतोय आणि तू शाकाहारी दिसतोस तर एकदा हिमोग्लोबिन आणि बी १२ तपासून घे. सरकारी दवाखान्यात सांग, तपासणी होते. रक्तच कमी असेल तर दंड मारून काय उपयोग.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. रूममध्ये सुरू कर, जिमची घाई नको. बैठका, दंड, पाठीसाठी काहीतरी ओढायचं (बॅगेत पुस्तकं भरून कमरेत वाकून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढ), आणि शेवटी प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवायचं). प्रत्येकी ८ ते १२ चे दोनतीन सेट, बस. दंड जमत नसतील तर आधी भिंतीला हात लावून, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर, यात लाज काय, माझ्याकडे येणाऱ्या पेशंटांपैकी निम्मे भिंतीपासूनच सुरू करतात. ज्या दिवशी १२ आरामात होतील त्याच्या पुढच्या वेळी थोडं अवघड कर. शरीराला दर थोड्या दिवसांनी आधीपेक्षा जरा जास्त मागायचं, सगळी विद्या तेवढीच आहे. बाकी दिवशी भरभर चाल, आठवड्याला दीडशे मिनिटं तरी. खंडवा रोडला युनिव्हर्सिटीच्या तक्षशिला परिसरात सकाळी किती लोक चालतात, जा तिकडे.

एक गोष्ट मात्र नीट वाच. पहिल्या दिवशी जोशात दोनशे बैठका मारायच्या नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील ते नॉर्मल आहे, पण दुखणं असह्य असेल, सूज असेल आणि लघवी कोलासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्नायू फाटून त्यातला मालमसाला किडनीवर येतो. कॉलेजची पोरं पैजेवर बैठका मारून असं करून घेतात, मी बघितलंय.

टिफिन_हिशेबनीस

मी पण पीजीवाला, तीन वर्षं झाली, किटलीवर पीएचडी केलीय असं समज. हिशेब सांगतो.

आपल्या आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा, आकडा आहे रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तुला ४३ च्या आसपास, पण ते नुसतं जगायला. व्यायाम करून अंगावर मांस चढवायचं तर किलोमागे दीड धर, झाले ७८. आता तुझा टिफिन बघ, पोळीचे तीनतीन ग्रॅम आणि ती पारदर्शक डाळ, दोन्ही वेळचं सगळं मिळून मला तरी तीस-पस्तीसच्या वर जाताना दिसत नाही. म्हणजे खड्डा चाळीसेक ग्रॅमचा आहे आणि तेवढ्यासाठी तो माणूस तुला पाच किलोचा डबा विकतोय!

अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. किटलीत दूध तापवू नको, खाली लागतं आणि मग सात जन्म वास जात नाही, पाणी तापवून त्यात दुधाचा ग्लास ठेव. सोयाबीन वडी ५० ग्रॅम कोरडी घेतली तर २५ च्या वर प्रोटीन, डब्यात टाक, उकळतं पाणी ओत, पंधरा मिनिटं झाकण, मग पिळून काढ (नीट पिळ, नाहीतर लागतो तो कच्चा वास) आणि टिफिनच्या भाजीत ढकल, वर जीरावन मसाला. जीरावनाने इंदुरात काहीही खाता येतं, मी पुठ्ठाही खाईन. खिशात भाजलेले चणे, मोठी मूठ म्हणजे ५० ग्रॅम, त्यात दहा. झालं की नाही? महिन्याचा खर्च त्या डब्याच्या जवळपासही जात नाही.

एकदम सगळं सुरू करू नको फक्त. मी पहिल्याच दिवशी शंभर ग्रॅम सोया खाल्लं होतं आणि रूममेटने रात्री गादी उचलून गॅलरीत नेली.

लोखंडवाला_इंदौरी

सगळे पावडरला शिव्या देतायत म्हणून लिहितो. मी व्हे घेतो, दोन वर्षं झाली, व्हे म्हणजे काही विष नाही, दूध फाटल्यावर जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन वाळवलेलं, आपली आई पनीर करताना तेच पाणी कणकेत घालते. पण नवख्याला जे विकतायत ते व्हे नाही, मास गेनर आहे, मागचं लेबल वाच, बहुतेकांत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे भारी किंमतीचा स्टार्च. त्यापेक्षा दोन केळी, दूध आणि शेंगदाणे मिक्स करून पी. घ्यायचंच असेल तर सहा महिन्यांनी साधं व्हे, बिल घेऊन, डब्यावर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर बघून. आणि कोणी "ये टैबलेट भी ले ले साथ में" म्हणाला तर त्या जिममधून उलट्या पावली ये, मी गंमत करत नाहीये. स्टेरॉइडने शरीर स्वतःचं हार्मोन बनवणं कमी करतं, विशीत तर हातही लावू नको.

जिम वाईट नाही रे ताई, लोखंडाची मजा दंडाला नाही. फक्त वर्षाचं पॅकेज भरू नको. जानेवारीत भरलेली जिम मार्चमध्ये बघा, सगळी रिकामी.

फिजिओ_ताई

@लोखंडवाला मान्य, मी जिमच्या विरोधात नाहीच. पण जो सतरंजीवर पालथा पडलाय त्याला आधी स्वतःचं ५२ किलो उचलू दे, मग बार.

रामबागेतले_काका

सगळ्यांनी छान लिहिलंय, आमचंही थोडं ऐक बाळा. मी १९७८ साली आखाड्यात गेलो तेव्हा तुझ्यासारखाच होतो, आई म्हणायची वारा आला की खिडकी लावा, पोरगं उडेल. मला वाटलं उस्ताद पहिल्याच दिवशी कुस्ती शिकवतील. उस्तादांनी फावडं हातात दिलं. पंधरा दिवस नुसती माती खणायची, ताक, हळद, तेल घालून कालवायची, आणि जाताना दहा बैठका, अकरावी मारली तर ओरडायचे. मला राग यायचा. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की खांदे दुखायचे बंद झालेत. या ताईने जे लिहिलंय ना तेच, फक्त आमच्या वेळी त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

तुम्हा पोरांना माहीत नसेल, मल्लखांब आपल्या मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे, २०१३ पासून. अनंत चतुर्दशीला झाक्यांच्या (मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या) पुढे आखाडे निघतात, तुम्ही उभे राहून व्हिडिओ काढता, वर्षभर मात्र कोणी फिरकत नाही. फी विचारशील तर कुठल्याही जिमपेक्षा कमीच. आणि तूप-बदामाचं ऐकून घाबरू नकोस, आम्हाला कसले बदाम, रात्री भिजवलेले चणे आणि गूळ, कुस्तीच्या दिवशी वरून एक पेला दूध.

मी रविवारी चिमणबागला असतो, फिरायला. यायचं तर ये.

बुऱ्हाणपूरचा_नवखा

बापरे एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. तीन आठवडे झाले म्हणून अपडेट देतोय.

डबा घेतला नाही. ट्रेनर दोनदा व्हॉट्सॲपवर "ऑफर खत्म हो रहा है" म्हणाला, तिसऱ्यांदा आला नाही. हिमोग्लोबिन ११.२ निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि जेवल्याबरोबर चहा पिऊ नको म्हणाले, जो मी रोज प्यायचो. ताई, तुमचा अंदाज बरोबर होता, मी उगाच आळशी समजत होतो स्वतःला.

पण सगळ्यात मोठा फरक वेगळ्याच गोष्टीने पडला. टिफिनवाल्या काकूंना फोन केला, अर्धा तास विचार करून, कारण भांडण झालं तर खायचं काय. म्हटलं काकू, भात नको, त्याच्या जागी एक वाटी डाळ जास्त द्याल का, आणि ती पातेल्याच्या तळातून. काकू हसल्या, म्हणाल्या अरे एवढंच ना, बाकी पोरांना पातळ आवडते म्हणून वरची घालते. आता डाळ अशी येते की चमचा उभा राहतो. सोया जीरावन टाकून खातो, रूममेट अजून खोलीतच झोपतो.

भिंतीवरून पलंगाच्या कडेवर आलोय, आठ दंड होतात. वजन ५२.९. पोहे चालू आहेत, उसळवाले. सराफा दोनदाच झाला, गराडू खाल्ले, माफ करा.

काका, चिमणबागला किती वाजता असता?

रामबागेतले_काका

पावणेसहा. उशीर केलास तर मी थांबत नाही. येताना गरम कपडे घाल, आणि परतताना जिलेबी तुझ्याकडून.

छावणीचा_भिया

रविवार आहे, चालतंय 😄 मीपण येऊ का काका?