मदत हवी आहे: कॉलेजच्या युरोप स्टडी टूरला व्हिसा कुठल्या देशाचा? (अर्जंट)

वैतागलेली_बीबीए:
नमस्कार. मे महिन्यात कॉलेजतर्फे युरोपला स्टडी टूर आहे, ‘बिझनेस अँड कल्चर इमर्शन’ नावाची. एजन्सीवाला म्हणतो फ्रान्सची अपॉइंटमेंट घ्या, लवकर मिळते. सीनियर म्हणते असं केलं की रिजेक्ट होतो. दुसरा हप्ता शुक्रवारी भरायचाय आणि तो परत मिळत नाही. बाबा माझ्यावर ओरडतायत, मी एजन्सीवर. एका वाक्यात सांगा, फ्रान्स की नाही? आणि जुने धागे वाचायला सांगू नका, वाचलेत.

बावधनकर:
कुठले देश ते लिहिलंच नाही की!

वैतागलेली_बीबीए:
युरोप लिहिलंय ना वर.

बावधनकर:
युरोप म्हणजे काय कोथरूड आहे का? देश, प्रत्येक ठिकाणच्या रात्री आणि निघायची तारीख लिहा. त्याशिवाय कुणी काही सांगू शकणार नाही.

खवचट_काका:
मी सांगतो. जाऊ नकोस. मर्सिडीजचा कारखाना बघायचाय ना? चाकणला बस जाते. फोक्सवॅगनही तिथंच आहे. ही सगळी लाखा-लाखाची सहल असते, सर्टिफिकेट लावलेली.

सातासमुद्रापार:
काका, चाकणला यंत्रं दिसतील हो. पण जर्मनीत 2000 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या असतात, 1976 पासून तसा कायदाच आहे. तो चाकणच्या गेटवर दिसत नाही. मी स्टुटगार्टला राहतो. इथं तर जिना कोणत्या आठवड्यात कुणी झाडायचा याचीही पाळी लावलेली असते. केऱवोख म्हणतात. माझी पाळी चुकली तेव्हा शेजारच्या आजी काही बोलल्या नाहीत, पाळीची पाटी आणून माझ्या दाराला अडकवून गेल्या. हे बघायला यावं लागतं.

खवचट_काका:
आमच्या सोसायटीत पाटी लावली तर पाटीच चोरीला जाते. असो. ब्रोशर वाचून भुलू नका एवढंच.

वैतागलेली_बीबीए:
धाग्याचा विषय व्हिसा आहे!! हे घ्या: पॅरिस 4 रात्री, झुरिच 2, स्टुटगार्ट 4 (तिथल्या एका विद्यापीठात वर्ग आणि कंपनी भेटी), फ्रँकफर्ट 2, लंडन 3. निघणार 11 मे. जाताना मुंबई–पॅरिस, येताना लंडनहून.

मुक्काम_पोस्ट_ठाणे:
पहिला पाय पॅरिसला, म्हणजे फ्रान्सचा व्हिसा. आमचा तसाच झाला होता. आणि स्वित्झर्लंडचा वेगळा लागेल, ते युरोपियन युनियनमध्ये नाही.

सातासमुद्रापार:
दोन्ही चूक. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नसलं तरी 2008 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे. आणि पहिला पाय कुठं पडतो ते तेव्हाच बघतात, जेव्हा दोन देशांतला मुक्काम सारखा असतो. इथं जर्मनीत 6 रात्री, फ्रान्समध्ये 4. शिवाय वर्गही जर्मनीत. अर्ज जर्मनीकडेच.

मुक्काम_पोस्ट_ठाणे:
आमचा झाला होता, एवढंच सांगतो.

सातासमुद्रापार:
तुमच्या रात्री पॅरिसला जास्त असतील.

मुक्काम_पोस्ट_ठाणे:
...हो, हनिमून होता.

बावधनकर:
थांबा. लंडनचं काय? ते शेंगेनमध्ये कधीच नव्हतं, ब्रेक्झिटच्या आधीही नाही. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढलाय का?

वैतागलेली_बीबीए:
नाही??? कुणी सांगितलंच नाही. एजन्सीच्या पीडीएफमध्ये ‘व्हिसा सहाय्य’ एवढंच आहे.

बावधनकर:
मग खरा घोळ हाच आहे. शेंगेनच्या निर्णयाला साधारण 15 दिवस धरा, पण 45 पर्यंत ताणू शकतात. ब्रिटनला साधारण 3 आठवडे. एक पासपोर्ट, दोन अर्ज, आणि आज 24 मार्च. एजन्सीला लेखी विचारा, आत्ता.

सीए_नाशिक:
परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा आयकर) कापला जातो, विसरू नका. बुकिंग मुलीच्या पॅनवर असेल आणि तिला उत्पन्न नसेल, तर तो परत मिळवायला तिलाच रिटर्न भरावं लागेल. पॅन कुणाचा दिलाय?

अनुभवी_बाप:
आणखी एक. शेंगेनचं शुल्क 90 युरो आहे, पण शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि सोबतच्या शिक्षकांना ते माफ आहे, शेंगेनच्या नियमावलीत, म्हणजे व्हिसा कोडाच्या 16व्या कलमात आहे. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र द्यावं लागतं. मागच्या वर्षी मुलाच्या वेळी एजंटनं पूर्ण शुल्क लावलं होतं, मी कलमाची प्रत पुढं ठेवली तेव्हा गप्प बसला. त्यासाठी कॉलेजचं पत्र आणि स्टुटगार्टच्या विद्यापीठाचं पत्र, दोन्ही हवीत. नुसतं हॉटेल बुकिंग जोडलंत तर तुम्ही पर्यटक. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा.

चकलीप्रेमी:
खायला काय नेताय? पेढे नेऊ नका. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथं बंदी आहे. चकल्या न्या. आणि रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा.

वैतागलेली_बीबीए:
अपडेट. एजन्सीला फोन केला. लंडन म्हणे ‘ऐच्छिक’ आहे, मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय आणि त्याचा व्हिसा आपला आपण काढायचा. आमच्या 22 जणांत एकानंही ते पान वाचलं नव्हतं, मी धरून. फ्रान्स का, विचारलं तर म्हणे ‘सगळे तसंच करतात’. 90 युरोचं विचारलं तर फोन होल्डवर ठेवला, मग कटच झाला. उद्या सगळे मिळून विभागप्रमुखांकडे जातोय, तोवर हप्ता कुणीच भरत नाही. जर्मनीची अपॉइंटमेंट मी स्वतः घेतली, 9 एप्रिल. विद्यापीठाला पत्रासाठी मेलही टाकला. ‘डिअर सर’ लिहिलंय, चालेल ना?

सातासमुद्रापार:
चालेल. मात्र समोरच्या बाई असतील तर पंचाईत. नाव माहीत असेल तर आडनावानंच लिहा. आणि इथं आपल्या तू-तुम्हीसारखंच दू आणि झी आहे, समोरच्यानं म्हटल्याशिवाय दूवर येऊ नका.

चकलीप्रेमी:
चकल्या डब्यात न्या, पिशवीत चुरा होतो.

सीए_नाशिक:
पॅन कुणाचा दिलाय ते सांगितलं नाहीत अजून.