‘चरबी’, ‘स्निग्ध पदार्थ’ आणि ‘रक्तमेद’

प्रश्न : आनुवंशिक मेदविकारांविषयीच्या मराठी मजकुरात ‘चरबी’ हा एकच शब्द आहारातल्या, अंगावर साठलेल्या आणि रक्तात आढळणाऱ्या घटकांसाठी सर्रास वापरला जातो. तिथे ‘चांगली चरबी’, ‘वाईट चरबी’ असे म्हणणे योग्य ठरेल का?

उत्तर : तीन अर्थांना तीन शब्द असावेत. खाण्यात येतात ते स्निग्ध पदार्थ, अंगावर साठते ती चरबी आणि रक्ताच्या अहवालात दिसतात ते रक्तमेद, म्हणजे कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड इत्यादी. ‘चांगले’ आणि ‘वाईट’ ही विशेषणे मात्र विकाराचे नाव घेतल्याखेरीज लावूच नयेत, असे माझे ठाम मत आहे.

कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल विकारात रक्तातील एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) उचलून घेणारे यकृतपेशींवरचे रिसेप्टर जन्मतःच अपुरे किंवा सदोष असतात. संपृक्त मेदाम्ले (तूप, लोणी अशा स्निग्ध पदार्थांत जास्त असणारी) उरल्यासुरल्या रिसेप्टरचे कामही मंदावतात, त्यामुळे त्यांच्या जागी असंपृक्त मेदाम्ले (बहुतेक वनस्पती तेलांत जास्त असणारी) घेतली तर एलडीएल काहीसे उतरते, मात्र केवळ पथ्यावर भागत नाही, औषधे लागतातच. इथे ‘चांगले तेल’ या शब्दाला निदान काही अर्थ आहे.

कौटुंबिक कायलोमायक्रॉन विकारात तो अर्थच उरत नाही. लायपोप्रोटीन लायपेज हे रक्तातील स्निग्धांश फोडणारे विकर (एन्झाइम) काम करत नसल्याने आहारातील स्निग्धांश वाहून नेणारे कायलोमायक्रॉन कण रक्तातच साचतात, आणि हे कण संपृक्त मेदाम्लांपासून जसे बनतात तसेच ऑलिव्हच्या किंवा माशांच्या तेलापासूनही बनतात. अशा रुग्णाच्या रक्ताची नळी रात्रभर थंड जागी उभी ठेवली, तर वर सायीसारखा पांढरा थर जमतो. उलट पहिल्या विकारात कोलेस्टेरॉल खूप वाढलेले असूनही रक्तद्रव स्वच्छ दिसतो. म्हणून कायलोमायक्रॉन विकाराच्या रुग्णांना दिवसभरात एकूण स्निग्धांश साधारण १५ ते २० ग्रॅमच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर स्वादुपिंडाच्या दाहाचा धोका वाढतो. अपवाद मध्यम साखळीच्या मेदाम्लांचा, कारण ती कायलोमायक्रॉन न बनवता आतड्यातून थेट यकृताकडे जातात. ‘चांगली चरबी खा’ हे वाक्य अशा रुग्णाच्या हाती पडले, तर त्यातून अपाय संभवतो.

पुरवणी : ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाचाही असाच विचार व्हावा, कारण तो ‘निर्धोक’ याच अर्थाने वाचला जातो. सिटोस्टेरॉलेमिया या दुर्मीळ विकारात, शोषले गेलेले वनस्पती-स्टेरॉल (वनस्पतींमधले कोलेस्टेरॉलसारखे घटक) पुन्हा बाहेर टाकणारी यंत्रणा एबीसीजी५ किंवा एबीसीजी८ या जनुकातील दोषामुळे निकामी असते आणि ते रक्तात साठत जातात. इतरांना कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी सुचवले जाणारे वनस्पती-स्टेरॉलयुक्त पदार्थ या रुग्णांना वर्ज्य असतात, शिवाय वनस्पती तेले आणि तेलबियाही बेताने घ्याव्या लागतात. तेव्हा अशा मजकुरात नुसते ‘वनस्पतिजन्य’ न लिहिता कोणते तेल, त्यातील कोणता घटक आणि कोणता विकार, हे त्याच वाक्यात लिहावे.