विषय: इंग्लंडमधील लेस्टर सिटी कौन्सिलच्या (महापालिकेच्या) निवडणुकीचे निकाल

प्रेषक: एक सभासद, क्लॅरेंडन पार्क
रविवार, 7 मे 2023

आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

गुरुवारी, 4 मे रोजी झालेल्या निवडणुकीचे निकाल आपण सर्वांनी पाहिले असतीलच. परंतु आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्यांचा जो एका ओळीचा अर्थ फिरतो आहे, तो वाचून थोडे सविस्तर लिहावेसे वाटले. सिटी कौन्सिलच्या 54 जागांपैकी लेबर पक्षाला 31, कंझर्व्हेटिव्ह पक्षाला 17, तर ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट या दोघांना प्रत्येकी 3 जागा मिळाल्या. 2019 साली लेबरचे 53 आणि लिबरल डेमोक्रॅटांचा 1 नगरसेवक निवडून आला होता. त्या वेळी ज्यांना खातेही उघडता आले नव्हते, ते कंझर्व्हेटिव्ह आज मुख्य विरोधी पक्ष झाले आहेत, आणि तेही अशा दिवशी, की ज्या दिवशी इंग्लंडभर त्या पक्षाने हजाराहून अधिक जागा गमावल्या. वारा एकीकडे आणि लेस्टर दुसरीकडे, असे हे चित्र आहे.

गटावर फिरणारा अर्थ असा, की मागच्या सप्टेंबरात शहरात हिंदू-मुस्लिमांत झालेल्या दंगलीनंतर हिंदूंनी लेबरला धडा शिकवला. त्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. बेलग्रेव्ह, रशी मीड, नॉर्थ एव्हिंग्टन अशा शहराच्या पूर्वेकडील व उत्तरेकडील वॉर्डांत लेबरच्या जागा कंझर्व्हेटिव्हांकडे गेल्या, आणि नॉर्थ एव्हिंग्टनची जागा तर गेल्या ऑक्टोबरातील पोटनिवडणुकीतच कंझर्व्हेटिव्ह पक्षाकडे गेली होती. परंतु 2021 च्या जनगणनेनुसार या शहरातील हिंदूंचे प्रमाण 17.9 टक्के आहे. एवढ्यावरून संपूर्ण सभागृहाचा निकाल उलगडत नाही, आणि ग्रीन पक्षाच्या तीन जागांचा उलगडा तर अजिबातच होत नाही.

माझ्या मते खरे कारण लेबर पक्षाच्या घरातच शोधायला हवे. पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने लेस्टरमधील उमेदवारनिवड स्थानिक शाखांकडून काढून आपल्या हाती घेतली आणि 19 विद्यमान नगरसेवकांना तिकीट नाकारले. त्यांत आशियाई वंशाच्या नगरसेवकांचे प्रमाण नजरेत भरण्याइतके मोठे होते. वर्षानुवर्षे एकाच वॉर्डात लोकांची गटाराची, पार्किंगची आणि घराची कामे करून देणारा माणूस बाजूला सारला गेला, की त्याच्याबरोबर त्याचा शब्द मानणारी घरेही जातात, हे लंडनमध्ये बसून याद्या करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. नाकारलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या पक्षांकडून किंवा अपक्ष म्हणून उभे राहिले. आपल्याकडच्या महापालिकांतली बंडखोरी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

आणखी एक गोष्ट मतदानाच्या पद्धतीची. येथे एका वॉर्डातून दोन किंवा तीन नगरसेवक निवडले जातात, मतदाराला तितकीच मते असतात, आणि सर्वाधिक मते मिळवणारे निवडून येतात. त्यामुळे एका पक्षाकडे थोडा कल असला तरी तिन्ही जागा त्याच्या पदरात पडतात आणि कल फिरला की तिन्ही एकदम जातात. 54 पैकी 53 जागा मिळाल्या तेव्हा लेबरला शहरातील सर्वच मतदारांनी पसंती दिली होती असे नव्हे. त्याच न्यायाने आताची घसरणही आकड्यांत दिसते तितकी उभी नाही.

मतदारांकडून थेट निवडल्या जाणाऱ्या महापौरपदी लेबरचे सर पीटर सोल्सबी पुन्हा आले. 2011 पासून हे पद त्यांच्याकडेच आहे. त्याआधी ते लेस्टर साउथचे खासदार होते आणि त्याहीपूर्वी कौन्सिलचे नेते. मात्र 2019 मध्ये निम्म्याहून अधिक मते घेणारे सोल्सबी या वेळी निम्म्याच्या बरेच खाली राहूनही निवडून आले, कारण 2022 च्या निवडणूक कायद्याने मतपत्रिकेवरील दुसऱ्या पसंतीचा रकाना काढून टाकला, त्यामुळे या वेळी सर्वाधिक मते मिळणे पुरेसे ठरले. पूर्वीची पद्धत असती तर त्यांना आणि दुसऱ्या क्रमांकावरील कंझर्व्हेटिव्ह उमेदवार संजय मोढवाडिया यांना इतरांच्या दुसऱ्या पसंतीची मते मोजेपर्यंत वाट पाहावी लागली असती. निकाल तोच लागला असता की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही.

आपली,
क्लॅरेंडन पार्क

*

प्रेषक: एक जुने सभासद, ओडबी
सोमवार, 8 मे 2023

सप्रेम नमस्कार,

आपले विवेचन मुद्देसूद आहे, परंतु सप्टेंबराला आपण फार लवकर बाजूला सारले, असे मला वाटते. 28 ऑगस्टच्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर जे सुरू झाले आणि सप्टेंबराच्या मध्यात ज्याने उग्र रूप धरले, त्यात दोन्ही समाजांतील साध्या माणसांनी भीती अनुभवली. आपले म्हणणे कौन्सिलमध्ये कोणी ऐकून घेत नाही, ही भावना बेलग्रेव्हमध्ये मी स्वतः अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. उमेदवारीचा घोळ झाला नसता तरीही या भावनेने मते फिरवलीच असती. घोळामुळे ती फिरण्यास निमित्त मिळाले, एवढेच.

शिवाय लेबरची पूर्वेकडील पकड काही आजच सुटलेली नाही, ती आधीपासूनच सैल होत होती. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील कीथ वाझ 1987 पासून 2019 पर्यंत लेस्टर ईस्टचे खासदार होते. त्यांच्याविषयी कोणाचे मत काहीही असो, पक्ष आणि तेथील समाज यांच्यामध्ये एक ओळखीचा माणूस होता. तो गेल्यानंतर ती जागा कोणी भरून काढली नाही. त्याच दिवशी आशियाई वस्ती मोठी असलेल्या स्लाव शहरातही लेबरने बहुमत गमावले आहे, तेव्हा हा प्रश्न केवळ लेस्टरच्या उमेदवार यादीचा नसावा.

ओडबी लेस्टरला लागून असले तरी शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे आम्हा ओडबीकरांना या साऱ्यात मत नव्हते, हेही नमूद करतो. दुकाने, मंदिर, रुग्णालय, नोकरी सर्व लेस्टरात, परंतु आमचे मत ओडबी आणि विग्स्टन बरो कौन्सिलला, जेथे वर्षानुवर्षे लिबरल डेमोक्रॅटांची सत्ता आहे. मंडळातील निम्मी चर्चा तरी मत नसलेल्यांचीच असते, असा माझा संशय आहे!

एक सूचना: नव्याने निवडून आलेल्या भारतीय वंशाच्या नगरसेवकांचा मंडळातर्फे सत्कार करावा.

आपला,
ओडबी

*

प्रेषक: विश्वस्त
सोमवार, 8 मे 2023

काकांच्या सूचनेबद्दल आभार. आपले मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असल्याने चॅरिटी कमिशनच्या नियमांनुसार आपल्याला कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही, आणि ज्यांना वगळले त्यांच्या नजरेतून पाहिले तर निवडक सत्कारही पाठिंब्यासारखाच दिसेल. मात्र ज्या वॉर्डात आपला गणेशोत्सव होतो त्या वॉर्डाच्या सर्व नगरसेवकांना, पक्ष आणि वंश न पाहता, निमंत्रण पाठवण्यास कोणतीच आडकाठी नाही. तसे पत्र मी तयार करतो.

*

प्रेषक: एक विद्यार्थिनी
सोमवार, 8 मे 2023

ताई, काका, नमस्कार. मी सप्टेंबरात विद्यार्थी व्हिसावर आले असून ओडबीतील विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. माझा पासपोर्ट भारतीय आहे, त्यामुळे हा विषय माझा नाही असे मी धरून चालले होते. ते बरोबर आहे का?

*

प्रेषक: एक सभासद, क्लॅरेंडन पार्क
मंगळवार, 9 मे 2023

नमस्कार,

हा विषय पूर्णपणे तुमचाही आहे. भारतासह राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना, येथे राहण्याची वैध परवानगी असेल तर, स्थानिक आणि संसदेच्या अशा दोन्ही निवडणुकांत मतदान करता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही आणि व्हिसा विद्यार्थ्याचा आहे की नोकरीचा, हेही पाहिले जात नाही. 17 एप्रिलपर्यंत नाव नोंदवले असते तर गुरुवारी तुम्हाला मत देता आले असते. या वेळी संपूर्ण इंग्लंडमध्ये प्रथमच मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागले. त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो, आधार कार्ड चालत नाही. उमेदवार म्हणून उभे राहायचे असेल तर मात्र कायम वास्तव्याची परवानगी लागते.

काकांच्या दोन मुद्द्यांपैकी स्लावचा मुद्दा मला मान्य आहे, पहिला अर्धाच मान्य आहे. रोष सप्टेंबरापासून होता, हे खरे. पण रोष असूनही मतदार जुन्या नगरसेवकाकडे बघून शिक्का मारतो, आणि या वेळी अनेक ठिकाणी तो नगरसेवकच मतपत्रिकेवर नव्हता किंवा दुसऱ्या चिन्हासमोर होता. तिकीट नाकारले गेले त्या वॉर्डांतील आणि जुने उमेदवार कायम राहिले त्या वॉर्डांतील मतांची घट शेजारी मांडली, तर आपल्या दोघांपैकी कोणाचे अधिक बरोबर आहे ते कळेल. वॉर्डनिहाय आकडे कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहेत; काकांनी पूर्वेचे वॉर्ड घ्यावेत, मी उरलेले घेते.

विद्यार्थिनीसाठी एक शेवटची गोष्ट. ओडबीच्या वसतिगृहात असेपर्यंत तुमची नोंदणी काकांप्रमाणेच ओडबी आणि विग्स्टन बरोकडे होईल. उन्हाळ्यानंतर शहरात, इकडे क्लॅरेंडन पार्कात, खोली घेतलीत तर नव्या पत्त्यावर पुन्हा अर्ज करावा लागेल. तो ऑनलाइन पाच मिनिटांत होतो. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (येथे नोकरी व करासाठी मिळणारा वैयक्तिक क्रमांक) असेल तर हाताशी ठेवा, आणि नसेल तरीही अर्ज करता येतो.

आपली,
क्लॅरेंडन पार्क