विन, प्लेस, टनाला, जॅकपॉट… घोड्यांच्या रेसमधले बेटचे प्रकार कुणी नीट समजावून सांगेल का?

कराडचा_शर्यतवेडा

नमस्कार मंडळी. आमच्या घरात बैलगाडा शर्यतीचा नाद पहिल्यापासून, पुसेगावचं सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं मैदान असलं की कामधंदा बाजूला ठेवून जातो, गट सेमी फायनल बैलजोडी ड्रायव्हर सगळं कळतं. पण घोड्यांच्या रेसमधलं काहीच कळत नाही. भाचा पुण्यात कॅम्पात नोकरीला आहे, तो म्हणतोय मामा तुम्ही एकदा या, रेसकोर्स दाखवतो. त्यानं व्हॉट्सॲपवर एक रेसकार्ड पाठवलं त्यात विन, प्लेस, एसएचपी, टीएचपी, फोरकास्ट, क्विनेला, टनाला, ट्रेबल, जॅकपॉट असं कायकाय लिहिलंय. घोडा पहिला आला तर पैसे मिळणार एवढं समजतं, बाकीचं काय असतं? आणि बुकी वेगळा आणि टोट वेगळा म्हणजे नेमकं काय? मोठे पैसे लावायचे नाहीत, पण तिथं जाऊन नुसतं बघत उभं राहायचं आणि शेजारचा का ओरडतोय तेच कळायचं नाही असं नको व्हायला. सविस्तर सांगा, वाचायला वेळ आहे.

वाईकर७७

पहिल्यांदा जाताय तर विन आणि प्लेस सोडून कशाला हात लावू नका. आणि रेसच्या आधी पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात ते जवळून बघा, तुम्हाला जनावराची पारख आहे म्हणजे अर्धं काम झालं. स्वारगेटला उतरलात की रेसकोर्स लांब नाही, रिक्षानं जा.

मिरज_जंक्शन

वाईकरांचं बरोबर आहे पण यांनी सगळंच विचारलंय तर सगळंच सांगतो, जरा लांब होईल.

आधी टोट समजून घ्या, ते कळलं की बाकीचे प्रकार आपोआप लागतात. टोट म्हणजे टोटलायझेटर. एका प्रकारच्या बेटवर सगळ्यांनी लावलेले पैसे एका पूलमध्ये जमा होतात, त्यातनं क्लब आपलं कमिशन कापतो आणि उरलेली रक्कम ज्यांचं बरोबर आलं त्यांच्यात त्यांच्या तिकिटांच्या प्रमाणात वाटली जाते. आपल्याकडच्या लिलाव भिशीत कसं चालवणारा आपलं काढून घेतो आणि बाकीचं सभासदांत फिरतं, तसंच. म्हणजे तुम्ही क्लबच्या विरुद्ध खेळत नाही, तिथं आलेल्या बाकीच्या लोकांच्या विरुद्ध खेळता. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण नवीन माणूस फक्त कुठला घोडा येईल एवढंच बघतो, त्या घोड्यावर आधीच किती जण बसलेत ते बघतच नाही.

हिशेब करून दाखवतो. समजा विनच्या पूलमध्ये १ लाख जमले आणि कमिशन २० टक्के धरलं (हे उदाहरणापुरतं, खरा आकडा प्रत्येक पूलला वेगळा असतो) तर उरले ८० हजार. ३ नंबरच्या घोड्यावर लोकांनी ४० हजार लावलेत, तो आला तर १० रुपयाला २० मिळतील. ७ नंबरवर फक्त २ हजार लागलेत, तो आला तर १० रुपयाला ४००. घोडे तेच, रेस तीच. बोर्डावर आकडे सारखे हलत असतात ते याच्यामुळं, आणि खिडकी बंद होईपर्यंत शेवटचा डिव्हिडंड, म्हणजे १० रुपयाला मिळणारे पैसे, किती बसणार ते कुणालाच माहीत नसतं.

बुकीचं तसं नाही. रेसकोर्सच्या आतले लायसनवाले बुकी त्या क्षणाचा भाव देतात, तुम्ही जो भाव घेतला तोच तुमचा, नंतर तो घोडा फेव्हरिट (सगळ्यात जास्त पैसे लागलेला) होऊन भाव पडला तरी तुम्हाला ठरलेलेच पैसे मिळणार. म्हणून ज्याला वाटतं की या घोड्याचा भाव आता चांगलाय आणि नंतर उतरेल तो बुकीकडं जातो, आणि ज्याला पब्लिकचं लक्ष नसलेला घोडा सापडलाय तो बरेचदा टोटला लावतो कारण तिथं कधीकधी बुकीपेक्षा बराच जास्त मिळून जातो.

आता प्रकार. विन म्हणजे घोडा पहिलाच आला पाहिजे. प्लेस म्हणजे पहिल्या काही नंबरांत आला तरी चालतं, ते काही नंबर म्हणजे किती हे रेसमध्ये घोडे किती धावतायत त्यावर ठरतं, कमी घोडे असतील तर दोनच, भरलेली रेस असेल तर तीन किंवा त्याहून जास्त, रेसकार्डात बघायचं. प्लेसला डिव्हिडंड कमी बसतो कारण प्लेसचा पूल दोन-तीन घोड्यांच्या तिकिटवाल्यांत फुटतो. एसएचपी म्हणजे सेकंड हॉर्स पूल, इथं नवीन माणूस हमखास गोंधळतो, घोडा बरोबर दुसराच यायला पाहिजे, पहिला आला तरी तिकीट गेलं. टीएचपी तसंच तिसऱ्या नंबरला. काही घोडे असे असतात की दरवेळी जवळ येतात पण शेवटच्या १०० मीटरला कमी पडतात, त्यांच्यासाठी ही बेट आहे आणि मला स्वतःला ती आवडते.

फोरकास्ट म्हणजे पहिला आणि दुसरा दोन्ही, क्रमासकट. क्विनेला म्हणजे तेच दोन घोडे पण क्रम कुठलाही चालतो. टनाला म्हणजे पहिले तीन, क्रमासकट. हा टनाला शब्द तुम्हाला बाहेरच्या देशातल्या रेसमध्ये ऐकू येणार नाही, तिकडं नाव वेगळं आहे. ट्रेबल म्हणजे ठरवून दिलेल्या तीन रेसचे विजेते, जॅकपॉट म्हणजे ठरवून दिलेल्या पाच रेसचे विजेते, आणि तिकीट त्यातली पहिली रेस सुटायच्या आधी काढावं लागतं.

कराडचा_शर्यतवेडा

मिरजवाले लई उपकार झाले, एवढं सरळ आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, भाच्याला पण पाठवलं. एक शंका, टनालात तीन घोडे क्रमानं सांगायचे म्हणजे अवघडच की, मग तो भाचा बॉक्स बॉक्स म्हणत होता ते काय? तो म्हणतोय पाच घोडे बॉक्स केले की काम होतंय.

मिरज_जंक्शन

बॉक्स म्हणजे निवडलेल्या घोड्यांचे होतील तेवढे सगळे क्रम एकाच तिकिटात घ्यायचे. काम होतंय खरं, पण खर्च कसा वाढतो तो आधी बघा. टनालात तीन घोडे बॉक्स केले तर ६ क्रम होतात, म्हणजे ६ बेट. चार घोडे केले की २४. पाच केले की ६०. म्हणजे १० रुपयाचं युनिट धरलं तर पाच घोड्यांचं एक तिकीट ६०० रुपयाला पडलं, आणि त्या साठातला एकच क्रम लागणार, बाकीच्या ५९ चे पैसे पूलमध्ये गेले. टनाला ५०० बसला तर घोडे बरोबर ओळखूनसुद्धा तुमचे १०० गेले. भाच्याला हा हिशेब दाखवा, तरुण पोरं घोड्याचा अभ्यास करतात पण हा गुणाकार करत नाहीत.

क्विनेलात क्रम नसतो म्हणून तीन घोड्यांच्या फक्त ३ जोड्या होतात, चारच्या ६. मी म्हणेन दोन घोड्यांवर भरवसा असेल आणि कोण पुढं कोण मागं ठरत नसेल तर क्विनेला, सगळ्यात साधं.

जॅकपॉटला बॉक्स नसतो, तिथं प्रत्येक रेसमध्ये घेतलेल्या घोड्यांचा गुणाकार. पहिल्या रेसला २ घोडे, दुसरीला १, तिसरीला ३, चौथीला २, पाचवीला १ म्हणजे २×१×३×२×१ असे १२. ज्या रेसमध्ये एकच घोडा घेतला त्याला बँकर म्हणतात. जॅकपॉटची सगळी अक्कल इथंच आहे, कुठल्या रेसला बँकर धरायचा आणि कुठल्या रेसला पसरायचं. जी रेस उघडी आहे, सात-आठ घोडे सारख्याच ताकदीचे आहेत, तिथं बँकर धरणारा माणूस शेवटपर्यंत टिकत नाही, आणि पाचही रेसला तीन-तीन घोडे घेतले तर २४३ बेट होतात.

वाईकर७७

आणि घोडा निवडायचा कसा ते पण सांगा यांना. शेतकरी माणूस आहे, रेसकार्ड वाचता आलं की पुढचं बरोबर करेल.

मिरज_जंक्शन

थोडक्यात सांगतो. आपल्याकडं बऱ्याच रेस हँडिकॅप असतात, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन टाकतात आणि कमी घोड्याला हलकं सोडतात, त्यामुळं कार्डात वजन बघायचंच. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते ते पण लिहिलेलं असतं. मग अंतर, १००० किंवा १२०० मीटरला उडणारा घोडा २००० ला दम तोडतो. रेसच्या आधी पेपरमध्ये ट्रॅकवर्क (घोड्याच्या सरावाची वेळ) येतं, ६००/३८ असं छापलेलं दिसलं तर त्याचा अर्थ ६०० मीटर ३८ सेकंदात काढले. पुण्याचा सीझन पावसाळ्यात असतो म्हणून तिथं ट्रॅक किती ओला आहे हे फार महत्त्वाचं, क्लब पेनेट्रोमीटरचा आकडा देतो, आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. चिखलात काही घोडे पायच टाकत नाहीत, आणि जमीन बघून जनावर कसं पळेल हे बैलांच्या मैदानात वाढलेल्या माणसाला मी सांगायला नको. जमलं तर इंडियन सेंट लेजरच्या दिवशी जा, २८०० मीटरची असते, क्लासिक म्हणजे मानाच्या रेसपैकी ही पुण्यात होते. इंडियन डर्बी मुंबईला महालक्ष्मीला फेब्रुवारीत, ती २४०० ची.

सांगलीचा_हिशेबनीस

मिरजवाल्यांनी सगळं सुंदर सांगितलं पण टॅक्सचं राहिलं आणि आता तेच सगळ्यात मोठं झालंय म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या रेसवर जीएसटी ४० टक्के झाला, आधी २८ होता. आणि तो जिंकलेल्या पैशावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे, तिकीट लागो न लागो. म्हणजे १० च्या बेटवर ४ रुपये टॅक्स. आता फेव्हरिटला प्लेस लावलं आणि डिव्हिडंड १२ बसला, टॅक्स वरून दिलेला असेल तर तुमचे १४ गेले आणि १२ आले, घोडा लागूनसुद्धा तोटा! पूर्वी जुने लोक नवीन माणसाला सांगायचे की फेव्हरिटला प्लेस लाव, सेफ आहे, तो सल्ला आता चालत नाही, कृपा करून पुढं देऊ नका. खिडकीवर आधी विचारा हातात एकूण किती द्यायचे, मग काय खेळायचं ते ठरवा.

इन्कम टॅक्स वेगळा. जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के आणि वर सेस, तुमचं बाकीचं उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेत नसलं तरी. १० हजाराच्या वर जिंकलात की टीडीएस तिथंच कापतात. आणि हरलेले पैसे जिंकलेल्यातनं वजा करून दाखवता येत नाहीत, म्हणजे सकाळच्या रेसला १५ हजार हरलात आणि संध्याकाळी १५ हजार जिंकलात तरी त्या १५ वर टॅक्स लागणार. जॅकपॉटची स्वप्नं बघणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचा.

कराडचा_शर्यतवेडा

हे टॅक्सचं माहीतच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आणखी एक विचारतो, आमच्याकडं एक जण फोनवर मुंबई-पुण्याच्या रेसचा भाव देतो, भाव रेसकोर्सपेक्षा चांगला असतो आणि टॅक्स पण नाही म्हणतो. घोड्यांची रेस कायदेशीर आहे ना, मग हे चालतं का?

सांगलीचा_हिशेबनीस

नाही दादा, अजिबात चालत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये मद्रासच्या रेस क्लबच्या केसमध्ये घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय हे खरं, पण सूट आहे ती लायसन असलेल्या रेसकोर्सवर, क्लबच्या टोटला आणि लायसनवाल्या बुकीकडं लावलेल्या बेटला. फोनवरचा माणूस म्हणजे साधा जुगार, पोलीस आले तर त्याच्याबरोबर तुम्ही पण अडकाल. त्याचा भाव चांगला असतो कारण त्याला ना टॅक्स द्यायचाय ना कमिशन, आणि मोठं तिकीट लागलं आणि तो गायब झाला तर तुम्ही कुणाकडं जाणार? हातात पावती पण नसते. अशी घरं बुडालेली मी आमच्या भागात बघितलीत, म्हणून एवढं कळवळून सांगतोय.

आणि बैलगाड्याचं म्हणाल तर २०२३ मध्ये कोर्टानं शर्यतीला परवानगी कायम ठेवली ती शर्यतीला, बेटिंगला नाही. मैदानावर कुणी पैसे लावत असेल तर त्याच्यामुळं आपल्याच शर्यतीचं नाव खराब होतं, एवढ्या वर्षांच्या बंदीनंतर कशीबशी सुरू झालीय.

कराडचा_शर्यतवेडा

पटलं. त्या माणसाचा नंबर आत्ताच काढून टाकतो. शेवटचं विचारतो, दोन घोडे एकदम पोचले तर? आणि आपला घोडा धावलाच नाही तर पैसे गेले का?

मिरज_जंक्शन

दोन घोडे फोटोतसुद्धा सारखे दिसले तर डेड हीट, दोन्ही घोड्यांच्या तिकिटांना पैसे मिळतात पण पूल वाटला जातो म्हणून कमी मिळतात. घोडा रेस सुटायच्या आधी काढून घेतला तर टोटच्या विन, प्लेसचे पैसे परत, तिकीट दाखवायचं. जॅकपॉट-ट्रेबलला नियम वेगळा असतो, रेसकार्डात वाचा. गेटमधनं सुटल्यावर जॉकी पडला तर मात्र गेले.

आणि रेस संपली की लगेच तिकीट फाडू नका. कधी ऑब्जेक्शन लागतं, पुढच्या घोड्यानं मागच्याची वाट अडवली म्हणून चौकशी होते आणि नंबर बदलतात. ऑल क्लिअर, म्हणजे निकाल पक्का, होईपर्यंत तिकीट खिशात ठेवा, भाच्याला पण सांगा.