युगांडातल्या खेड्यात एका कुटुंबाकडे तीन आठवडे राहायचंय, सल्ला हवा

रानजाई:
जूनमध्ये युगांडाला जातेय. कंपालाच्या नैऋत्येला मसाका शहर आहे, तिथून जवळच्या एका खेड्यात शेतकरी कुटुंबाकडे मुक्काम आणि गावच्या शाळेत गणित शिकवणं. मी अंडंही खात नाही. जेवणाचं कसं होईल? भेट काय नेऊ? घरच्यांना माझा भार वाटू नये एवढंच मनात आहे.

उंबरठा:
त्याच भागात मी दोन महिने राहिले आहे. जेवणाची अजिबात काळजी करू नकोस. तिथलं मुख्य अन्न मटोके, म्हणजे हिरवी केळी. आमच्या घरच्या मावशी केळी सोलून केळीच्या पानांत त्यांची मोटली बांधायच्या, पातेल्याच्या तळाशी पानांचे देठ रचून त्यावर ती ठेवायच्या आणि चुलीवर तासन्‌तास वाफवायच्या. मग पानांवरूनच दाबून मऊ करायच्या. सोबत शेंगदाण्याचा दाट रस्सा, घेवडा आणि 'डोडो' म्हणजे आपला माठच. फक्त रश्शात काही घरी सुक्या बारीक मासळीची पूड घालतात, तिला मुकेने म्हणतात. ते पहिल्याच दिवशी सांग. आणि तुझ्यासाठी कोंबडी कापायच्या आधी सांग, कारण पाहुण्याला कोंबडी हा तिथला मोठा मान. ती शिजल्यावर 'नको' म्हणालीस तर त्यांना फार लागेल.

भेट म्हणून साखर, मीठ, साबण ने. मसाक्यातच मिळतं. पोरांच्या हातात पैसे देऊ नकोस.

आणि जेवण झालं की 'वेबाले कुफुम्बा' म्हण, स्वयंपाकाबद्दल धन्यवाद. शेतात कुणी राबताना दिसलं तर 'ग्येबाले को'. कष्टाची दखल घेणारं हे अभिवादन मला फार आवडतं. मी ते मोडकंतोडकं म्हणायचे, तरी मावशींचा चेहरा खुलायचा.

दीपमाळ:
यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घे, पिवळं कार्ड (लस घेतल्याचा दाखला) हातातल्या बॅगेत ठेव. युगांडात शिरताना लागतं आणि परत येताना आपल्या विमानतळावरही. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून इथूनच सुरू कर, मच्छरदाणी रोज. पाणी उकळलेलंच.

रानजाई:
खूप आभार दोघांचेही! एक विचारू? तिथे मुली मोठ्यांसमोर गुडघे टेकतात असं वाचलं. माझ्यासमोर कुणी टेकले तर मला फार अवघडल्यासारखं होईल.

उंबरठा:
होईल, मलाही झालं होतं. घरातली थोरली लेक पाण्याचा जग आणि घमेलं घेऊन आली, गुडघ्यांवर बसली आणि माझ्या हातांवर पाणी ओतू लागली. मी घाईने तिला उठवायला गेले, तर तीच गोंधळली. बुगांडात, म्हणजे युगांडातल्या या भागाच्या जुन्या राज्यात, बायका-मुली मोठ्यांना, पाहुण्यांना असंच अभिवादन करतात. आपल्याकडे वाकून नमस्कार करणाऱ्या सुनेला कुणी हात धरून थांबवलं तर तिला जसं वाटेल तसं झालं ते. दुसऱ्या दिवसापासून मी खाली तिच्याशेजारी चटईवर बसून हात धुवायला लागले. मग तिनेच मला केळी सोलायला शिकवलं. चीक हाताला चिकटतो, काळे डाग पडतात. जुने कपडे ने.

अजून एक. गावातले म्हातारे १९७२ चा विषय काढतील. हुकूमशहा इदी अमीनने आशियाई, म्हणजे बहुतेक आपल्याच भारतीय वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, तो काळ त्यांनी पाहिलाय. तेव्हाच्या दुकानदारांच्या चांगल्या-वाईट दोन्ही आठवणी निघतात. शांतपणे ऐकून घे. आणि जाऊन आलीस की इथे नक्की लिही, मी वाट बघतेय.